जुने जेट स्वस्त, सांभाळणे महाग. नेत्यांच्या विमानाबाबत कोणता प्रश्न विचारायला हवा?

निवडणूक असो वा १२ जानेवारीचा सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव, बुलढाणा जिल्ह्यात बडे नेते येणार म्हटले की चर्चा हेलिपॅडची होते. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जेटने यायचे तर छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी उतरून पुढे हेलिकॉप्टर किंवा मोटार गाठावी लागते. पण ते जेट किती जुने, कोणाच्या मालकीचे, त्याची देखभाल कशी होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

जुने जेट म्हणजे नेमके काय?

लिअरजेट ४५ हे त्याचे ठळक उदाहरण. या विमानाचे पहिले उड्डाण १९९५ चे. आठ-नऊ प्रवासी, दोन इंजिने, ५१ हजार फुटांपर्यंतची उंची आणि साधारण ३,७०० किलोमीटरचा पल्ला. कामगिरीत ते आजही कमी नाही. मात्र बम्बार्डिअर कंपनीने २०२२ मध्ये लिअरजेटचे उत्पादनच थांबवले. सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय आहे, पण ताफा दरवर्षी म्हातारा होत चालला आहे.

स्वस्त, मग खर्च कुठे?

याच मालिकेतल्या नव्या लिअरजेट ७५ लिबर्टीची किंमत २०१९ मध्ये ९९ लाख डॉलर जाहीर झाली होती. जुने ४५ त्याच्या काही अंशात मिळते. खरी गोम पुढे आहे. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: घेताना वाचलेले पैसे हंगामात गॅरेजवाला वसूल करतो. जेटच्या इंजिनांची ठरावीक तासांनी मोठी तपासणी होते. काही तपासण्या तासांवर नव्हे, महिन्यांवर चालतात, म्हणजे विमान हँगरमध्ये उभे असले तरी खर्च सुरूच. नव्याची देखभाल कमी आणि जुन्याची जास्त, पण विमानाची किंमत घटली म्हणून सुट्या भागांची किंमत घटत नाही.

छोट्या टप्प्यांचा भार

हजारो किलोमीटरसाठी बनवलेले विमान मुंबई ते संभाजीनगर अशा पाऊण-एक तासाच्या टप्प्यांवर फिरते, तेव्हा तासांच्या मानाने उड्डाणे आणि लँडिंग वाढतात. चाकांचा सांगाडा, ब्रेक आणि दर उड्डाणाला हवेचा दाब सोसणारी केबिन यांची झीज प्रामुख्याने अशा फेऱ्यांवर मोजली जाते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते. पूर्ण वजनाच्या लिअरजेट ४५ ला सामान्य हवामानातही सुमारे दीड किलोमीटर हवी. शेजारच्या अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी सुमारे १,४०० मीटर आहे. तिथे उतरायचेच असेल तर प्रवासी किंवा इंधन कमी करावे लागते. ‘साहेबांना घाई आहे’ हे त्यावर उत्तर नव्हे.

वय हाच दोष?

१४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट ४५ मुंबईत मुसळधार पावसात धावपट्टीवरून घसरले. आठही जण बचावले. मुंबईची धावपट्टी लांब असूनही हे घडले. हवामान, वैमानिकाचा निर्णय, यंत्रणेची स्थिती असे अनेक धागे अशा प्रसंगात गुंतलेले असतात. केवळ विमानाच्या जन्मसालाकडे बोट दाखवणे सोपे, पण अपुरे आहे. नीट सांभाळलेले वीस वर्षांचे जेट दुर्लक्षित दहा वर्षांच्या जेटपेक्षा भरवशाचे असते.

मग काय विचारावे?

भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. खासगी वापराच्या विमानाला भाडे घेता येत नाही. उड्डाणयोग्यतेचा आढावाही नियमित होतो. पण या गोष्टी भाडे मोजणाऱ्यापर्यंत क्वचितच पोचतात. स्टार प्रचारकांच्या विमान प्रवासाचा खर्च पक्षाच्या हिशेबात दिसतो, सरकारी दौऱ्याचा जनतेच्या तिजोरीत. आकडा दिसतो, विमानाची अवस्था दिसत नाही. जिथे सार्वजनिक पैसा आहे, तिथे करारातच मोठ्या तपासणीची शेवटची तारीख, झालेल्या फेऱ्या आणि बाकी असलेली कामे नोंदवणे बंधनकारक हवे. हवामान बिघडल्यास परत फिरण्याचा अंतिम अधिकार वैमानिकाचा, हेही त्यात लिहिलेले असावे.

सभा तासभर उशिरा सुरू झाली तर बुलढाण्याचा श्रोता थांबतो. घाईत घेतलेला निर्णय मात्र परत घेता येत नाही.