साडेबारा टक्क्यांचा करार
अमेरिकेत जमिनीच्या पोटातलं तेल आणि वायू जमीनमालकाच्या मालकीचे असतात. आधीच्या कुणी ते हक्क वेगळे विकले असतील तरच नाही. म्हणून पेनसिल्व्हेनियात चाळीस एकरवाल्या शेतकऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर वायू कंपनीचा माणूस छापील करार पसरून बसतो. तो आधी एकरी बोनसचा आकडा सांगतो, आणि लहान मालक तिथेच हुरळतो. बोनस एकदाच हाती पडतो. खरा पैसा रॉयल्टीत, म्हणजे निघालेल्या वायूच्या किमतीतल्या वाट्यात. राज्याच्या १९७९ च्या कायद्याने ती किमान एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के ठरवली. पण कंपनी अनेकांच्या जमिनी जोडून एक गट करते, आणि ६४० एकरांच्या गटात आपले ४० एकर असतील तर वाट्याला येतो त्याचाही सोळावा भाग, शंभर डॉलरच्या वायूमागे जेमतेम ७८ सेंट. त्यातूनही वायू गोळा करून बाजारापर्यंत नेण्याचा खर्च कापता येतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे ग्राह्य धरलं. कायद्यात बसलं तरी लहान मालकावर हा अन्यायच आहे, आणि ‘कोणतीही वजावट नाही’ हे वाक्य सहीआधी लिहून घेतल्याशिवाय तो टळत नाही. मुदतीचंही तसंच. करार पाच वर्षांचा दिसतो, पण एक वायूविहीर सुरू झाली की वायू निघत राहील तोवर सगळी जमीन अडकून पडते. गटाबाहेरचा तुकडा मोकळा करणारं कलम मालकालाच मागावं लागतं. शेजाऱ्यांनी एकत्र बसून बोलणी केली तर कंपनी ते देण्याची शक्यता वाढते. आणि पुढे पाणी बिघडलं तर पुरावा असावा म्हणून खोदाईआधी पिण्याच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं आणि अहवाल कराराच्याच फायलीत ठेवावा.