एडिटेड आहे? मग स्वतः बघ!

कॅसिओपिया-ए या फुटलेल्या ताऱ्याचा रंगीबेरंगी फोटो शेअर केला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'एडिटेड आहे रे!' रंग नंतर भरलेत, हे खरंच. क्ष-किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. वातावरणही ते अडवतं, म्हणून 'चंद्रा' दुर्बीण १९९९ पासून अंतराळात आहे. पण रंग मनाला येईल तसे भरलेले नाहीत. सिलिकॉन, गंधक, लोह यांच्या क्ष-किरणांची ऊर्जा वेगवेगळी असते, त्यानुसार रंग ठरतो. म्हणजे स्फोटात काय कुठे उडालं, याचा तो नकाशाच! 'चंद्रा'चा हा डेटा नेटवर फुकट मिळतो, तो उघडणारं 'डीएस-९' सॉफ्टवेअरही फुकट आहे. शंका जरूर घ्या, पण कमेंट टाकून थांबू नका. डेटा उघडा आणि रंग स्वतः भरून बघा.