नकाशात न मावणारे पाडे

शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ साली पूर्ण झाला. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी भातसा धरण उभे राहिले. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी आज एकट्या भातसाचे असते. त्या साठ्याचा आकडा पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होतो, आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही विसंगती आता इतकी जुनी झाली आहे की तिचे कोणास नवल वाटत नाही. तिच्या एका कारणाची चर्चा मात्र फारशी होत नाही. ते कारण म्हणजे नकाशा.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०११ साली देशातील पाणथळ जागांचा नकाशासंग्रह १:५०,००० या प्रमाणावर प्रसिद्ध केला. २.२५ हेक्टरांहून लहान जागा त्यात केवळ ठिपक्यांनी दाखविल्या आहेत. दीडशे मीटर लांब व तितकीच रुंद जागा या प्रमाणात कागदावर जेमतेम तीन मिलिमीटर भरते. तेव्हा तंत्रज्ञांचा नाइलाज समजण्यासारखा आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ज्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिले, त्या या मापाहून मोठ्याच होत. कागदाची मर्यादा अशी नकळत कायद्याची मर्यादा बनली. काळू, शाई व भातसा यांच्या खोऱ्यांतील डोह, खाचरांलगतच्या दलदली, चैत्रापर्यंत ओले राहणारे झरे या मापात बसावेत कसे? पाड्यावरच्या स्त्रिया हंडे घेऊन जातात त्या अशाच ठिकाणी.

रस्त्यांचीही तीच गत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आदिवासी भागासाठी लोकसंख्येची अट २५० वर आणली खरी. पण वीस-पंचवीस घरांचा पाडा तिच्याही खालीच राहतो, आणि आजारी माणसास झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते.

नकाशे काढण्यावरील पूर्वीचे निर्बंध केंद्र सरकारने २०२१ साली बव्हंशी उठविले. गावातील शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी आज साध्या मोबाइलवर ओढे, झरे व पाऊलवाटा टिपू शकतात. असा नकाशा ग्रामसभेच्या ठरावानिशी तहसील कचेरीत दाखल झाला, तर त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण जाईल. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो; तेथे पाड्यासही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची तरतूद राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांत आहे.

मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. ते पुन्हा सुरू करावयाचे झाल्यास बुडणाऱ्या प्रत्येक पाड्याची, पाणवठ्याची व वाटेची नोंद आधी झाली पाहिजे.