विहाराचे कुलूप काढा

१४ एप्रिल आणि पदवी परीक्षेची तयारी एकाच हंगामात येतात. नाशिकरोड, सातपूरच्या वस्त्यांत एका खोलीत सारे कुटुंब. पोराने वाचावे कुठे? परळच्या चाळीत भीमराव लवकर झोपत आणि रामजीबाबा त्यांना रात्री दोनला उठवीत. चाळ शांत झाली की अभ्यास! आज त्या वेळी डीजे सुरू असेल तर? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपक रात्री दहालाच बंद हवा, विशेष सूट मिळाली तरी बारापर्यंतच. पण आपल्याच मंडळाविरुद्ध तक्रार द्यायला वकील असूनही मी कचरतो, हे कबूल. जयंती मंडळांनी वर्गणीतून ट्यूबलाईट, चटया, जुन्या प्रश्नपत्रिका आणाव्यात. विहार मार्चपासून रात्रभर उघडे ठेवावे. किल्ली वस्तीतल्या एखाद्या ताईकडे द्यावी, म्हणजे मुलीही येतील.