रानफुलें कीं हिरवळ?

हिरवा रंग डोळ्यांस सुख देतो, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु जें डोळ्यांस सुखावह तें जमिनीसहि सुखावहच असतें, असा जो आमच्या सुशिक्षित वर्गाचा दृढ समज होऊन बसला आहे, त्यावर आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. निमित्त गोल्फच्या मैदानांचें आहे. इंग्लंड-अमेरिकेंतील कित्येक गोल्फ-क्लबांनीं आपल्या मैदानांचा कांहीं भाग रानफुलांस व तेथल्या मूळच्या गवतांस मोकळा करून दिला आहे. ही गोष्ट परवां आमच्या मित्रमंडळींत निघाली. एक स्नेही म्हणाले, "धनिकांची ही नवी चैन आहे." दुसरे म्हणाले, "गवत कापण्याचा खर्च वाचविण्याची ही युक्ति." तिसरे स्वतः खेळणारे, ते म्हणाले, "मग आमचा चेंडू सांपडावयाचा कसा?" तिघेहि सुज्ञ आहेत, आणि आमच्या मतें तिघांचेंहि चुकलें आहे.

प्रथम हा खेळ जन्मला कोठें तें पाहूं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि नांगरटीची जमीन यांच्यामध्यें वाळूच्या उंचवट्यांचा एक पट्टा असतो. त्यास तिकडे 'लिंक्स' म्हणतात. पीक येत नाहीं अशी ही हलकी जमीन. तिच्यावर मेंढरें चरत, ससे बिळें करीत, आणि त्यांच्या दांतांनीं खुरटलेल्या बारीक गवतावर गांवचे लोक चेंडू टोलवीत. 1457 सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें, तिरंदाजीच्या सरावांत व्यत्यय येतो म्हणून, या खेळावर बंदी घातली होती. यावरून तो किती लोकप्रिय झाला होता हें दिसतें. गवत कापण्याचें यंत्र मात्र इंग्लंडांत 1830 सालीं निघालें. म्हणजे निदान पावणेचारशें वर्षें हा खेळ यंत्रावांचून चालला. खेळासाठीं गवत वाढविलें नव्हतें. जें गवत होतें त्यावर खेळ होता. सेंट अँड्र्यूजचें सुप्रसिद्ध 'ओल्ड कोर्स' आजहि बहुतेक रविवारीं खेळास बंद असतें आणि गांवकरी तेथें कुत्रीं-मुलें घेऊन फिरावयास जातात. गोल्फ म्हणजे कुंपण, पहारा आणि वर्गणी, अशी ज्यांची कल्पना आहे त्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

मग ही पोपटी, गालिच्यासारखी हिरवळ आली कोठून? ती आली यंत्र, नळ आणि रासायनिक खत यांच्या पाठीवर बसून. आणि तिचा प्रसार केला दूरचित्रवाणीनें. अमेरिकेंतील ऑगस्टा नॅशनल या मैदानावर 1934 पासून वसंतांत मोठी स्पर्धा भरत आली आहे. रंगीत चित्रें घरोघर दिसूं लागल्यावर, एप्रिलमधील एका आठवड्यासाठीं शृंगारलेलें तें मैदान हाच साऱ्या जगांतील क्लबांचा आदर्श होऊन बसला. उन्हाळ्याचे महिने तें मैदान बंदच असतें, हें मात्र कोणीं पाहिलें नाहीं. नवरीचा लग्नांतील शालू पाहून रोज तोच नेसण्याचा हट्ट धरावा, तसा हा प्रकार झाला! विनोद असा कीं, या मैदानाच्या जागीं पूर्वीं रोपवाटिका होती, आणि त्याच्या अठराहि विभागांस झाडाफुलांचींच नांवें दिलेलीं आहेत.

आतां पहिल्या स्नेह्यांच्या आक्षेपाकडे वळूं. गोल्फ हा आज बहुतेक ठिकाणीं धनिकांचा खेळ आहे, हें आम्हांस मान्य आहे. त्या खेळाचें वकीलपत्र आम्हीं घेतलेलें नाहीं. पण हिशेब पाहा. अमेरिकेंतील अठरा भोकांचें मैदान साधारणपणें दीडशें एकरांचें असतें. त्यांतील 'ग्रीन', म्हणजे भोकाभोंवतींची अगदीं तुळतुळीत जागा, सगळी मिळून तीनचार एकर. आणि 'फेअरवे', म्हणजे चेंडू जेथून न्यावयाचा ती आंखूड गवताची वाट, सुमारें तीस एकर. उरलेल्या जमिनीचा पुष्कळसा भाग असा कीं, तेथें चेंडू जावा अशी कोणाचीच इच्छा नसते. जेथें खेळच होत नाहीं तेथें खेळाच्या नांवाखालीं पाणी, खत आणि औषधें ओतावयाचीं, ही खरी चैन! ती सोडणें यास चैन म्हणावें, हा शब्दांचा विपर्यास आहे. मात्र चार एकर फुलें लावून उरलेल्या शंभर एकरांवर पूर्वीप्रमाणेंच पाणी उधळणारा क्लब पुण्यवान् ठरतो, असें आमचें म्हणणें नाहीं. फुलांचा ताटवा हें प्रायश्चित्त नव्हे. पाणी किती कमी झालें, हीच त्याची कसोटी होय.

या कसोटीस उतरलेलें एक उदाहरण देतों. नॉर्थ कॅरोलिनांत पाइनहर्स्ट येथें डॉनल्ड रॉस यानें 1907 सालीं रचलेलें दुसऱ्या क्रमांकाचें मैदान आहे. मुळांत तें वाळूचें, पाइन वृक्षांचें आणि 'वायरग्रास' नांवाच्या तारेसारख्या गवताच्या झुबक्यांचें होतें. पुढें तेंहि हिरव्या मोहांत सांपडलें. 2010-11 सालीं बिल कूर आणि बेन क्रेन्शॉ या दोघांनीं तेथील सुमारें पस्तीस एकर लावलेली हिरवळ उखडून टाकली, पाण्याचे 600 हून अधिक तुषारनळ काढले, आणि वाळू व वायरग्रास यांस आपली जागा परत दिली. पाण्याचा खर्च निम्म्याहूनहि खालीं आला. 2014 सालीं त्याच मैदानावर पुरुषांची व स्त्रियांची अशा दोन्ही अमेरिकन ओपन स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाल्या. घरीं बसून पाहणाऱ्या कित्येकांनीं तें करपट रूप पाहून नाकें मुरडलीं. पण जगांतले पट्टीचे खेळाडू तेथें खेळले, आणि खेळाचें कांहींहि बिघडलें नाहीं.

यांत खरोखर पणास काय लागलें आहे, तेंहि सांगावयास हवें. 1930 नंतरच्या सुमारें अर्धशतकांत इंग्लंड व वेल्समधील सखल प्रदेशांतील जुन्या, खत न घातलेल्या कुरणांपैकीं जवळजवळ 97 टक्के कुरणें नाहींशीं झालीं. ज्यांवर इंग्रज कवींनीं शतकेंच्या शतकें कविता केल्या आणि ज्या कविता आम्हीं वर्गावर्गांतून शिकविल्या, तीं हीं कुरणें! अशा स्थितींत केंटमध्यें सँडविच येथील गोल्फच्या मैदानांवर 'लिझर्ड ऑर्किड' या दुर्मिळ फुलाची त्या देशांतील सर्वांत मोठी वस्ती टिकून राहिली. कारण एवढेंच कीं, त्या वाळूवर नांगर फिरला नाहीं. अमेरिकेंत 2018 सालीं 'मोनार्क' फुलपाखरांसाठीं आमच्या रुईच्या कुळांतील 'मिल्कवीड' ही वनस्पति मैदानांच्या कडांना लावण्याची योजना निघाली. कारण त्या फुलपाखराच्या सुरवंटास दुसरें कांहींच चालत नाहीं. धनिकांच्या कुंपणाआड एखादें फूल वांचत असेल, तर कुंपणाचा राग फुलावर काढूं नये.

दुसरे स्नेही म्हणतात, हें गवत न कापण्याचें निमित्त आहे. त्यांनीं एकदां हें काम करून पाहावें! कुरण म्हणजे टाकून दिलेली जमीन नव्हे. जमीन नुसती टाकून दिली तर फुलें येत नाहींत. इंग्लंडांत कांटेरी झुडपें येतात, आणि आमच्याकडे गाजरगवत व घाणेरी येते. कुरण उभें करण्याचा पहिला नियम आमच्या शेतकऱ्यास उफराटा वाटेल: जमीन कसदार नको, निकस हवी. कसदार जमिनींत दोनचार दांडगीं गवतें माजतात आणि नाजूक फुलांचा गळा दाबतात. म्हणून खत बंद करावयाचें. जुनी हिरवळ, प्रसंगीं वरच्या मातीसकट, काढावयाची. आणि मग त्या प्रांताचेंच बीं पेरावयाचें. इंग्लंडांत त्याबरोबर 'यलो रॅटल' पेरतात. ही पिंवळ्या फुलांची अर्धपरजीवी वनस्पति गवताच्या मुळांतून रस शोषून त्याची मस्ती उतरविते. पिकल्यावर तिचें बीं बोंडांत खुळखुळ्यासारखें वाजतें. हें बीं ताजें असावें लागतें आणि शरदांतच टाकावें लागतें, कारण हिंवाळ्याची थंडी खाल्ल्यावांचून तें उगवत नाहीं. पहिल्या वर्षीं तण माजूं नये म्हणून वरचेवर कापणी करावी लागते. पुढें वर्षांतून एकदां, बीं झडल्यावर, कापावयाचें आणि कापलेलें सारें उचलून न्यावयाचें. तें तेथेंच कुजूं दिलें कीं जमीन पुन्हां माजलीच. अमेरिकेंतील प्रेअरीचीं गवतें तर पहिलीं एकदोन वर्षें जमिनीखालीं मुळेंच वाढवीत बसतात. वर पाहणाऱ्यास वाटतें, पैसा फुकट गेला. तिसऱ्या वर्षीं तीं डोलूं लागतात. इतकी धिमी विद्या ज्यास 'खर्च वाचविण्याची युक्ति' वाटते, त्यानें बागकामहि कधीं केलें नसावें.

येथें आणखी एका मंडळींस बाजूस सारणें अवश्य आहे. 'रानफुलांचें मिश्रण' म्हणून रंगीबेरंगी पुड्या विकणारे व्यापारी सर्वत्र झाले आहेत. त्यांतून पॉपी व कॉर्नफ्लॉवर पहिल्या वर्षीं झगमगतात आणि पुढच्या वर्षीं दिसेनाशीं होतात. कारण तीं मुळांत नांगरलेल्या शेतांतलीं फुलें आहेत, कुरणांतलीं नव्हेत. आमच्याकडे त्यांच्या जागीं कॉसमॉस येतो. तो मेक्सिकोचा पाहुणा आज पुण्याच्या टेकड्यांवर नारिंगी रंगाचे पट्टेच्या पट्टे व्यापूं लागला आहे, आणि लोक हौसेनें त्याचीं छायाचित्रें काढतात. रानांत वाढतें म्हणून कोणतेंहि फूल त्या रानाचें होत नाहीं.

तिसऱ्या स्नेह्यांचा चेंडू आम्ही विसरलों नाहीं. पण चेंडू हरवतो तो खतपाण्यानें दाट झालेल्या गवतांत. निकस जमिनीवरचें गवत विरळ असतें. त्याच्या काड्यांमधून जमीन दिसते आणि चेंडूहि दिसतो. शिवाय कुरणाची जागा चेंडूच्या नेहमींच्या पल्ल्याबाहेर निवडणें हें जाणत्या माळ्यास सहज जमतें. एवढ्यानेंहि ज्यांचें समाधान होत नाहीं, त्यांनीं आपला नेम सुधारावा!

आतां घरचा विचार. ब्रिटिश बेटांबाहेर सर्वांत जुना म्हणून मानला जाणारा गोल्फ-क्लब 1829 सालचा, कलकत्त्याचा. तेव्हांपासून हा खेळ या देशांत आहे, आणि महाराष्ट्रांत मुंबई, पुणें, नाशिक येथें त्याचीं मैदानें आहेत. पण खेळ आणतांना आम्हीं त्याचा रंग आणला, त्याचें तत्त्व आणलें नाहीं. तत्त्व असें होतें कीं, जमीन जें देईल त्यावर खेळावें. ज्या गवतास गोल्फवाले 'बर्म्यूडा' म्हणतात तें म्हणजे आमची हरळी, गणपतीस वाहावयाची दूर्वा! तिच्या, बीं न धरणाऱ्या संकरित जाती अमेरिकेंतील टिफ्टन येथें तयार झाल्या आणि तेथून जगभर गेल्या. आज आम्ही त्या विकत घेतों, आणि बांधावरची मूळ हरळी तण म्हणून उपटतों. याहून बोलकें उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं.

दख्खनचें पठार हें स्वभावतःच गवताचें घर आहे. पवना, मारवेल, कुसळ, डोंगरी हीं येथलीं गवतें. पावसाळ्यांत हिरवीं, कार्तिकांत सोनेरी, चैत्रांत करडीं. चंडोल, टिटवी, धाविक यांचीं घरटीं या उघड्या भुईवर. माळढोकासाठीं 1979 सालीं सोलापूरजवळ नान्नजचें अभयारण्य झालें. पण माळच उरला नाहीं तेव्हां माळढोक तरी कोठून उरणार? आणि ह्या साऱ्या माळास सरकारी नकाशांतून व आमच्या बोलण्यांतून नांव काय मिळालें? 'पडीक'! पडीक म्हणून त्यावर कारखाना काढावा, वसाहत बांधावी, किंवा फारच सात्त्विक बुद्धि झाली तर खड्डे खणून झाडें लावावीं. माळानें माळ राहावें, हें मात्र कोणास सुचत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महाराष्ट्रांतील प्रत्येक गोल्फ-क्लबानें, जेथें चेंडू जाणें अपेक्षित नाहीं ती जमीन दख्खनच्या गवतांस परत द्यावी. बीं व्यापाऱ्याकडून न घेतां जवळच्या टेकडीवरून जमवावें. कुसळ पायवाटेपासून दूर ठेवावें, नाहीं तर खेळाडूंचे मोजे त्याची साक्ष देतील. बीं झडल्यावर, हिंवाळ्यांत, कापणी करावी. आणि तें गवत आसपासच्या गुरेंवाल्यांस व धनगरांस फुकट नेऊं द्यावें. जमिनीचा माज उतरण्यास तें उचलणें अवश्यच आहे, आणि ज्यांच्या मेंढरांसारख्या मेंढरांनीं हा खेळ घडविला त्यांचें थोडें ऋणहि त्यानें फिटेल.

परंतु क्लबांस उपदेश करून आमची सुटका होत नाहीं. महाराष्ट्रांत गोल्फचीं मैदानें किती, आणि आमच्या बंगल्यांपुढें, वसाहतींत व महाविद्यालयांच्या आवारांत राखलेल्या हिरवळी किती! तीस वर्षें आम्हीं विद्यार्थ्यांस परदेशी कुरणांतील फुलांचीं नांवें घोकावयास लाविलीं. पण महाविद्यालयामागच्या टेकडीवर डोलणाऱ्या गवताचें नांव एका विद्यार्थ्यानें विचारलें तेव्हां आम्हांस तें सांगतां आलें नाहीं. तें पवना होतें. सांगितलें आमच्या शिपायानें. त्याच्या गांवीं तें बैलांस घालतात. ज्या गवताचें नांव माहीत नाहीं तें पडीक वाटावें, यांत नवल नाहीं. पाश्चात्त्यांकडून हिरवळ शिकलों. आतां त्यांपैकीं कांहीं शहाणे ती उखडीत आहेत, तर तेवढेंहि त्यांच्याकडून शिकावें. चैत्रांत आपलें आंगण करडें दिसलें म्हणून लाज वाटण्याचें कारण नाहीं. लाज वाटावयाची तर, टंचाईच्या दिवसांतहि तें हिरवें राहिलें याची वाटावी.