बहिणीची सही आणि घरातली भिंत



मागच्या महिन्यात आम्ही एका ओळखीच्या घरी गेलो होतो. वडिलांनी कारखान्यात हाडाची काडे करून, फंडाच्या पैशांतून तीन खोल्यांचे घर बांधले. मृत्युपत्र न करताच ते गेले. मागे आई, दोन मुलगे आणि लग्न झालेल्या दोन मुली. आज त्या घराच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी आहे. आई एक महिना अलीकडे जेवते, एक महिना पलीकडे. घराचा दावा कोर्टात पडून आहे.

झाले असे की, थोरल्याने बहिणींच्या सह्या नोटरीच्या कागदावर घेतल्या आणि घराच्या उताऱ्यावर आपले एकट्याचे नाव लावले. धाकटा बिथरला, कोर्टात गेला. आम्ही थोरल्या बहिणीला विचारले, "ताई, कागद वाचला होतात का?" ती म्हणाली, "दादाने सांगितलं, केली सही. माहेर तुटू नये म्हणून केली." आणि माहेर तर तुटलेच!

म्हणून काही गोष्टी नीट समजून घेऊ या. धम्मदीक्षा घेतल्यावर हिंदू वारसा कायदा आपल्याला लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. १९५६ चा हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यामागे बाबासाहेबांचे कष्ट आहेत. हिंदू कोड बिल रखडले, आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. स्त्रीला मालमत्तेत वाटा मिळावा, हा त्या बिलातला महत्त्वाचा भाग होता. त्याच हक्कावर आपल्याच घरात नोटरीच्या कागदाने पाणी सोडायला लावायचे काय?

वडिलांच्या स्वकमाईच्या घराला मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे आणि मुली यांचे वाटे सारखे. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. वरच्या घरात आजी नाही, म्हणजे पाच जणांचा प्रत्येकी एक पंचमांश. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा जात नाही. पूर्वी कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती, भाऊ वाटणी करतील तोवर तिने थांबायचे. ते कलम २००५ मध्ये रद्द झाले.

दुसरी गोष्ट, उताऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी झाली असे नाही. ती नोंद मुख्यतः सरकारी वसुलीसाठी असते. बहिणीला खुशीने हक्क सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. नुसती नोटरी चालत नाही. आणि भगिनींनो, न वाचता सही करू नका. वाटा मागणे म्हणजे भावाशी वैर नव्हे.

एखाद्याने रागाच्या भरात आपला वाटा परक्याला विकला, तरी त्या परक्याला राहत्या घरात येऊन बसण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर घरच्या वाटेकऱ्याला तो वाटा कोर्ट ठरवील त्या किमतीत विकत मागता येतो. १८९३ च्या वाटणी कायद्यात ही सोय आहे.

कोर्टात जावेच लागले तर वकिलाच्या फीला घाबरू नका. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील होत नाही.

पण त्याआधी सगळ्यांनी एकत्र बसा. बहिणींना बोलवा, आईला मधे बसवा. कोण राहणार, कोणाला किती पैसे देणार, आई कुठे राहणार, हे ठरवा, लिहा, नोंदवा. आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी हा विषय आजच काढावा. दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र पुढची कितीतरी भांडणे वाचवते.

त्या घरातून निघताना आई आम्हाला म्हणाली, "भिंत पडलेली बघून डोळे मिटावेत, एवढंच." आमच्या वाचकांच्या घरी ती उभीच राहू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.