शेवटचं कडवं

परवा पुतण्याने मेहकरहून जयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. डीजेच्या भिंती, डोळे दिपवणारे दिवे, आणि मोबाईलमधूनही छातीत धडधड होईल असा ठोका. गाणं मात्र ओळखीचं वाटलं. फोन करून विचारलं, "कोणाचं रे हे गाणं?" तर म्हणे, "काका, डीजेवाल्याचंच आहे. एकदम हिट!"

मंडळी, ते गाणं वामनदादा कर्डकांचं होतं.

पोरावर राग नाही आला. त्याला कळणार तरी कसं? दादा आपलं नाव गुंफायचे शेवटच्या कडव्यात, आणि डीजे तिथवर जातच नाही. मुखडा, ठोका, पुन्हा मुखडा... संपलं!

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे मोठेबाबांची गायन पार्टी होती. दिवसा मजुरी, रात्री पेटी-ढोलकी. दादांना मी प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. माझ्यासाठी दादांचा आवाज म्हणजे मोठेबाबांचा बसका आवाज. 'वामन' हा शब्द आला की ते पेटीवरचा हात उचलून कपाळाला लावायचे. मला वाटायचं, तुकोबांसारखा हा कुणी जुना संत असेल. तो माणूस हयात आहे आणि गावोगाव फिरून गातोय, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. माझं वाचन, माझं चिडणं, माझं शहाणपण, जे काही आहे ते त्या रात्रींतून आलंय.

मग कॉलेजात गेलो. तिथे एका सरांना विचारलं, वामनदादांची कविता अभ्यासाला का नाही? ते हसले. म्हणाले, "ती प्रचारगीतं. कविता वेगळी."

तेव्हा गप्प बसलो. आज बसत नाही.

आमच्या मेहकरचे कवी म्हणजे ना. घ. देशपांडे. मलाही त्यांचा अभिमान आहे. वकिली करत पैनगंगेकाठच्या या गावात राहिले आणि १९८६ साली 'खूणगाठी'साठी साहित्य अकादमी मिळवून गेले. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर आली आणि मराठी भावगीताची सुरुवात तिथून मोजतात. पण 'शीळ' हा संग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे वीसेक वर्षं ती कविता लोकांनी कानांनीच वाचली! म्हणून तिला कुणी कमी कविता म्हटलं का? नाही ना?

मग वामनदादांना वेगळा न्याय काहून? १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस. शाळा नाही. मुंबईत मजुरी करता करता, तरुणपणी अक्षरं शिकला. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं, आणि 'वाटचाल' हा संग्रह आला १९७३ साली. तीस वर्षं लोकांच्या तोंडी राहिलेला कवी! एकाचं ते भावगीत आणि दुसऱ्याचा तो प्रचार, हे कुठल्या तराजूत तोलून ठरवलं?

आणि प्रचारच म्हणायचा तर कोणाचा? प्रचारक आपल्या माणसांची तारीफ करतो. दादांनी बाबासाहेबांच्या अनुयायांनाच, म्हणजे आपल्यालाच धारेवर धरलं. नाव घेता, पण वागता का तसे, असं भर जयंतीत विचारायला छाती लागते. देशातल्या धनिकांची नावं घेऊन, आमचा वाटा कुठे आहे, असंही त्यांनी गाण्यातून विचारलं. हे प्रश्न मुखड्यात सुरू होतात आणि कडव्याकडव्याने टोकदार होत जातात.

आता कुणी म्हणेल, डीजेमुळे निदान गाणी पोरांपर्यंत पोचतात तरी. खरं आहे. नाचायलाही माझी ना नाही; जयंती आनंदाचीच आहे. पण कडवी गेली की विचारणा जाते आणि नुसता जयजयकार उरतो. सरांनी दादांना प्रचारक ठरवलं, ते न ऐकता. आपण तर ऐकत ऐकत तेच केलं. त्यांचं गाणं कापून कापून खरोखरच प्रचाराएवढं उरवलं! सरांना नावं ठेवायचा हक्क मग आपल्याला राहतो का?

१५ मे २००४ ला नाशिकला दादा गेले. मोठेबाबाही आता नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे. कडा कुरतडलेल्या, पण प्रत्येक गाणं पूर्ण, शेवटच्या 'वामन'पर्यंत. त्यातल्या एका पानाचा फोटो पुतण्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बापरे, एवढं मोठं? एवढा वेळ मिरवणूक थांबते का काका?"

थांबायची रे. आमच्या वेळी रात्रभर थांबायची.

असो. घरची मंडळी हे वाचत असतील तर एवढंच करा. येत्या १४ एप्रिलला डीजे सुरू व्हायच्या आधी, एक गाणं, फक्त एकच, पेटीवर पूर्ण गाऊ द्या. वही मी घेऊन येतो.